रविवारचं पत्र

"बघा, रमला की नाही शंतनू!" वसतिगृहातून आलेलं मुलाचं पहिलं पत्र वृंदाने नवऱ्यापुढे धरलं.

'मी इथे मजेत आहे. जेवण चांगलं असतं. माझी काळजी करू नये.'

वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. आपल्याच जुन्या शाळेत त्याने मुलाला हौसेने घातलं होतं. त्याच्या वेळी दर रविवारी रेक्टर हीच तीन वाक्यं फळ्यावर लिहायचे आणि पोरं मुकाट्याने उतरवून घ्यायची. छडीचे वळ उठलेल्या हातानेही त्याने ती लिहिली होती.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. अक्षर सुधारलंय त्याचं."

बोलून गेल्यावर तो दचकला. त्याचे वडीलही त्याच शाळेत शिकलेले. त्याच्या प्रत्येक पत्राला त्यांचं एवढंच उत्तर यायचं.