चाचणीचा वाफा

"उन्हाळा काढणारं म्हणे! याला तर गणपतीतच टक्कल पडलं!" गोल्फ क्लबचे अध्यक्ष रणदिवेसाहेब काठीने वाफा टोचत कडाडले.

चेंडू भोकात ढकलायच्या हिरवळीसाठी दोन परदेशी गवतं लावून बघितली होती. तज्ज्ञाचा कौल या बर्म्युडा गवताला होता. पण कालचा लुसलुशीत वाफा आज ओरबाडलेला दिसत होता.

"साहेब, कुणीतरी खुडलंय," तज्ज्ञ पुटपुटला.

"इथे सभासद येतात, शेळ्या नाहीत!" साहेबांनी शेजारचं गवत तिथल्या तिथे पास केलं आणि आरतीला घर गाठलं.

घरी मूर्तीसमोर दूर्वांचा हिरवागार ढीग होता.

"बाजारात सुकलेल्या मिळतात हो," बायको कौतुकाने म्हणाली. "आम्ही मेंबरांच्या बायका पहाटेच तुमच्या क्लबात जाऊन आलो. त्या नव्या वाफ्यात दूर्वाच तर लावल्यात! बघा, किती कोवळ्या!"

मघाशीच नापास केलेल्या गवतापुढे साहेबांनी हात जोडले.