भाषणाआधीची बातमी

"स्त्रीवादी विज्ञानकथा संमेलनात गोंधळ, अध्यक्षांनी मागितली पुरुषांची जाहीर माफी." विंगेत उभ्या असलेल्या वैजयंती खरातांनी मोबाइलवरचा मथळा वाचला. "अगं, अध्यक्ष मी. मी अजून तोंडही उघडलेलं नाही!"

"मॅडम, दरवर्षी छापील भाषण आधी येतं, त्यावरून आमच्या वृत्तपत्राचं यंत्र बातमी करतं," वार्ताहर ऋजुता शेलार खालच्या आवाजात म्हणाली. "यंदा तुम्ही पाठवलं नाहीत. मग त्यानं जुन्या बातम्यांवरूनच जुळवलं. बातमी आधीच सगळ्यांना जाते, मी शेवटी मोबाइलवर फक्त 'घडलं' हे बटण दाबायचं."

"आणि नाही दाबलंस तर?"

"अजून कोणी तसं केलेलं नाही."

तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. वैजयंतीबाई माइकपाशी गेल्या. सभागृहात सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये होत्या. मागून कोणीतरी ओरडलं, "ताई, जाऊ द्या, आम्ही माफ केलं!" टाळ्या पडल्या.

"मी माफी मागितलेली नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"मागितलीत की! बातमीत आहे." आता मागची रांग उठून उभी राहिली. एक खुर्ची आडवी झाली. बातमीतला गोंधळ सुरू झालाच होता.

विंगेत ऋजुताचा अंगठा 'घडलं' बटणावर होता. तिनं तो हलवून शेजारचं 'घडलं नाही' दाबलं.

तिच्या मोबाइलच्या पडद्यावर प्रश्न आला: मग काय घडलं?

गेल्या कित्येक वर्षांत ऋजुतानं स्वतःचं एकही वाक्य लिहिलं नव्हतं. ती थेट मंचावर आली आणि माइकशेजारी खाली बसली.

"मॅडम, जरा सावकाश बोला," ती म्हणाली. "मी लिहून घेतेय."