देवघरावरचं तोरण

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीचं नाक फार तिखट. गेल्या महिन्यात एका रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू अपेक्षाच्या स्वयंपाकघरातून वास आला, तर सेक्रेटरी कुसुमताईंनी तासाभरात लिफ्टमध्ये नोटीस चिकटवली. "ही सुसंस्कृत लोकांची सोसायटी आहे. येथे मासळी शिजवू नये. जमत नसल्यास जागा सोडावी."

पुढे दिवाळीच्या प्रदर्शनात अपेक्षाने शिंपले रंगवून केलेली तोरणं मांडली. त्यातलं सगळ्यात मोठं कुसुमताईंनीच उचललं, लक्ष्मीपूजनाला थेट देवघरावर बांधलं आणि अख्ख्या मजल्याला बघायला बोलावलं. मोठ्या मनाने अपेक्षालाही.

"काय सुरेख रंगवलेत गं! आणि बघा, कसं पवित्र वाटतंय," कुसुमताई आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "हे शिंपले वेचायला कोकणात गेली होतीस का?"

"नाही हो काकू, घरचेच आहेत," अपेक्षाने प्रसादाचा बत्तासा तोंडात टाकला.

"तुम्ही ज्याच्यावरून नोटीस लावलीत ना, त्याच तिसऱ्यांच्या कालवणातले."