शेख मॅडमचा फोन

मुक्ताबाईंना बाकावर बसलेलं पाहिलं आणि सायली वकिलाच्या ऑफिसच्या दारातच थांबली. सासू इथंही पोचली, म्हणजे हेही दार बंद झालं. तिला राग आला नाही, भीती वाटली नाही. परतीची बस किती वाजता असेल, एवढंच मनात आलं.

नवऱ्यानं, रविराजनं घटस्फोटाचा अर्ज टाकल्यापासून हे असंच चाललं होतं. सिरसाळ्याच्या घरातून तिला बाहेर काढलं, सहा वर्षांच्या संस्कृतीला ठेवून घेतलं आणि वर कोर्टात लिहून दिलं, की आई पोरीला टाकून गेली. सायली दिंद्रुडला माहेरी राहून वकील शोधू लागली. माजलगावच्या वकिलानं कागद ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवले. अंबाजोगाईतल्या एकानं चहा पाजला, सासऱ्याचं नाव ऐकलं आणि म्हणाला, "विठ्ठलरावांच्या विरोधात? ताई, मला बी इथंच राहायचंय." पुढं पुढं नकार ऐकताना ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहायची. मग शेख मॅडम नावाच्या वकिलाचा आपणहून फोन आला. तुमची केस मी घेते, अंबाजोगाईला या. आपला नंबर यांना कुणी दिला, हे विचारायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"आत या," शेख मॅडम म्हणाल्या. "दोघीही."

सायली खुर्चीच्या कडेला टेकली. मुक्ताबाई शेजारी बसल्या. त्यांचे हात मांडीवर होते. त्याच हातांनी त्या दिवशी अंगणात संस्कृतीची मूठ सायलीच्या पदरातून सोडवली होती, एकेक बोट करून. सायलीनं त्या हातांकडं पाहिलं. आत काहीच हललं नाही.

"मुलीला तुम्ही टाकून गेलात, असं त्यांचं म्हणणं आहे," मॅडम म्हणाल्या. "तसं झालं नाही, हे कोर्टात सांगणारं कुणी आहे?"

"न्हाई. घरातलेच होते सगळे."

"मी सांगते." मुक्ताबाई टेबलाकडं बघत बोलल्या. "हिनं पोर टाकली न्हाई. मी वढून घेतली. मालकांनी सांगितलं, मी केलं. आता पोर रोज मलाच इचारती, आईला कावून हाकललं? जेवताना इचारती, येणी घालताना इचारती. काय सांगू तिला?" त्या थोडं थांबल्या. "तुला कुणी वकील मिळू देत न्हाईत, हे घरातच ऐकलं. म्हणून मॅडमकडं मीच आलते. तुझा नंबर बी मीच दिला."

सायलीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

शेख मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मुक्ताबाई, मागंही विचारलं होतं, तुम्ही उत्तर दिलं नाही. ही साक्ष दिल्यावर त्या घरात तुम्हाला परत जाता येईल?"

मुक्ताबाईंनी नकारार्थी मान हलवली. मग पहिल्यांदाच सुनेकडं पाहिलं.

"दिंद्रुडला तुमच्यात माझी एक खाट बसंल का?"

सायलीच्या तोंडून आपसूक निघालं,

"बसंल, आत्या. संस्कृतीच्या बाजूलाच टाकू."