डावखुऱ्यांचं गाव

“काका, या गावात सगळेच डावखुरे होते का हो?” अंतराने भिंतीवरचं चित्र न्याहाळत विचारलं, आणि गुरुदत्तरावांचा चहा कपातच राहिला.

चित्र त्यांच्या परदेशातल्या, एडिसन गावातल्या घरात सोफ्याच्या वर, भिंतीच्या अगदी मधोमध. जुनं अ‍ॅक्वाटिंट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून, अ‍ॅसिडने छटा काढून कागदावर छापलेलं. समुद्रकाठचं छोटं गाव, मधे दीपस्तंभ, डावीकडे लांबलचक लाकडी धक्का. धक्क्यावर कुणी डाव्या हाताने गळ फेकतोय, कुणी डाव्या हाताने हॅट उचलतोय. खलाशीसुद्धा सलाम ठोकतोय तो डाव्याच हाताने. इतकी वर्षं गुरुदत्तरावांना यातलं काही दिसलं नव्हतं. त्यांचं लक्ष फक्त धक्क्यावर.

कारण भांडण धक्क्याचंच होतं. लग्न होऊन नागपूरहून आलेल्या मृणालिनीबाई पहिल्याच थंडीत चित्रातल्या याच गावी फिरायला गेल्या असताना धक्क्यावर बसून, मला परत जायचंय म्हणून रडल्या होत्या. गुरुदत्तरावांनी आपला कोट त्यांच्या खांद्यावर टाकला, आणि बाई राहिल्या त्या राहिल्याच. इथवर दोघांचं एकमत. पण धक्का दीपस्तंभाच्या उजवीकडे होता असं बाईंचं म्हणणं, आणि डावीकडे होता असं यांचं. पुढे धक्का वादळात वाहून गेला आणि भांडणाला रान मोकळं मिळालं.

हसण्यावारी चाललेलं हे भांडण रिटायर झाल्यावर मात्र गुरुदत्तरावांना बोचू लागलं. चाव्या सापडेनात. शेजाऱ्याचं नाव ओठांवर येऊन परत जायचं. आपलं डोकं दगा देतंय या भीतीने त्यांची झोप उडाली. अशात जुन्या वस्तूंच्या दुकानात हे चित्र हाती लागलं. धक्का डावीकडे! त्या दिवसापासून स्वारी खुशाल घोरू लागली. मृणालिनीबाईंनी निमूट हार मानली. फक्त समोरच्या भिंतीवर एक मोठा आरसा लावून घेतला, खोली मोठी दिसते म्हणून. आणि चहाला चित्राकडे पाठ करून बसू लागल्या. हरलेल्या माणसाला चित्र बघवत नाही, असं गुरुदत्तराव येईल त्याला ऐकवायचे.

अंतरा त्यांच्या मित्राची मुलगी, म्युझियममध्ये जुनी चित्रं दुरुस्त करणारी. तिने हसत हसत उलगडा केला. पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, म्हणून चित्रकार मुद्दाम उलटं कोरतात. या गड्याने चित्राखालचं गावाचं नाव आठवणीने उलटं कोरलं, पण गाव उलटं करायचं विसरला.

“म्हणजे जे इथे डावीकडे, ते खरं उजवीकडे. फनी ना, काका?”

गुरुदत्तरावांना त्यात काही फनी वाटलं नाही. काकूकडे यातलं एक अक्षर बोलू नकोस, असं त्यांनी तिला हळूच विनवलं. ती गेल्यावर ते चित्र उतरवायला उठले. पण चित्राला हात लावला आणि मन खाऊ लागलं. बायकोपासून लपवून सांभाळलेली आठवण काय कामाची? एवढ्यात मृणालिनीबाई स्वयंपाकघरातून आल्या.

“मृणाल, धक्का उजवीकडेच होता,” ते पडेल आवाजात म्हणाले. “माझंच डोकं चालेनासं झालंय.”

बाईंनी नवऱ्याचा हात धरला आणि त्यांना आपल्या रोजच्या खुर्चीत, चित्राकडे पाठ करून, बसवलं. समोर आरसा. आरशात तेच गाव. खलाशी उजव्या हाताने सलाम ठोकत होता, आणि धक्का दीपस्तंभाच्या उजवीकडे होता.

“मी रोज इथूनच बघते,” त्या म्हणाल्या. “पण तुम्हाला शांत झोप लागायला लागली होती. म्हटलं, राहू दे धक्का डावीकडे.”