पाइपातली नाडी

"भिंत फोडावी लागेल," नेटवाला म्हणाला आणि त्याने पक्कड पिशवीत टाकली.

घड्याळात पावणेचार झाले होते. पाचला सुनेच्या नव्या ऑफिसातून फोन येणार होता. ते घरातली लाइन तपासणार. वेग पुरेसा असला तर सोमवारपासून घरी बसून काम, नसला तर यादीतली पुढची बाई. दोन वर्षं शोधून हाताशी आलेली नोकरी, आणि घोडं अडलं कुठे, तर भिंतीतल्या बोटभर पाइपात.

हा तिसरा नेटवाला. पहिल्याने पाइपातून लोंबणारी एक मळकी दोरी "कचरा" म्हणून ओढून काढली, फेकली, आणि मग त्याची वायर काही आत शिरेना. दुसरा जिन्यातूनच परत गेला. कंपनी मात्र रोज न चुकता मेसेज पाठवत होती: "अभिनंदन! आपण जगाशी जोडले गेला आहात." आता बोला!

पहिला ती दोरी ओढत होता तेव्हा शिवणाच्या मशीनवरून सासूबाई ओरडल्या होत्या, "अरे अरे, नाडी काढू नकोस!" त्या बिचाऱ्याने दचकून आधी स्वतःच्या कमरेकडे पाहिलं होतं. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"दादा, घरमालक खिळा ठोकू देत नाही, भिंत कुठली फोडू देतोय?" सून काकुळतीला आली.

"मग मी तरी काय करू, ताई? वायर ओढायची माझी पोलादी पट्टी पाइपाच्या दुसऱ्या वळणावर अडते."

मशीनची खडखड थांबली. "कडक वस्तू वळेल कशी?" सासूबाई म्हणाल्या. "नाडी ओवा."

"आई, पुरे हो! इथे माझ्या नोकरीवर बेतलंय आणि तुमचं नाडी नाडी काय चाललंय?"

"नोकरीचंच बोलतेय मी."

त्यांनी खण उघडला. कचऱ्यातून उचलून रिकाम्या रिळावर नीट गुंडाळलेली तीच मळकी दोरी बाहेर काढली. "पाइप घालणाऱ्याने ही मुद्दाम आत सोडली होती, मागून येणाऱ्यासाठी. जुन्या नाडीला नवी जोडायची आणि मगच जुनी ओढायची. चाळीस वर्षं पायजमे शिवतेय, एवढं तरी कळतं मला."

नेटवाल्याने पिशवी खाली ठेवली. "खरंय आजी. पण ती आता बाहेर आलीय. आत घालणार कशी?"

"अगं, ते झाडूचं यंत्र काढ माळ्यावरून."

"व्हॅक्यूम क्लीनर?"

"तेच. मागे मशीनखाली फिरवलंस आणि त्याने माझं अख्खं रीळ गिळलं. आठवतं ना?"

सुनेला आठवलं. तेव्हा ती पोट धरधरून हसली होती.

नेटवाला जिन्यात, पाइपाच्या दुसऱ्या तोंडाशी उभा राहिला. पेन्सिलीत दोऱ्याचं रीळ अडकवलेलं, दोऱ्याच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा चिमूटभर तुकडा, तो पाइपात सोडलेला. घरात सुनेने यंत्राची नळी पाइपाच्या तोंडाला लावून बटण दाबलं. रीळ गरगर फिरायला लागलं. आणि थांबलं.

"अडलं!" नेटवाला ओरडला.

"ओढू नकोस. जरा सैल सोड," सासूबाई म्हणाल्या.

त्याने सैल सोडलं. रीळ पुन्हा फिरलं, आणि घरातून सुनेची किंकाळीच आली, "आला! दोरा आला!"

नेटवाला दोऱ्याला दोरी बांधायला लागला, तशी सासूबाईंनी त्याच्या हातावर चापटी मारली. "गाठ नको. गाठ वळणावर अडते, टाका अडत नाही."

चष्मा लावून त्या पायरीवर बसल्या. दोऱ्याला दोरी शिवली. सुनेने ती आतून ओढून घेतली. मग दोरीच्या शेवटाला वायर, वर चिंधीचं वेष्टण, बारीक सपाट टाके. तेवढ्यात सुनेच्या फोनवर मेसेज वाजला: "आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे." वायर अजून सासूबाईंच्या पायाशी वेटोळं घालून पडली होती. साडेचार होऊन गेले होते.

वायरीशेजारी त्यांनी आणखी एक कोरी पांढरी नाडी शिवली.

"ही कशाला, आजी?"

"उद्या वायर बिघडली तर? मागून येणाऱ्याने काय करायचं?"

नेटवाला त्या टाक्यांकडे बघत राहिला. "एकोणीस वर्षं वायरी ओढतोय मी," तो म्हणाला. "भिंतीच फोडत आलो."

सुनेने आतून ओढायला घेतलं. दोरी वळणावरून गुळगुळीत सरकत येत होती, कुठे म्हणून अडत नव्हती. तिला एकदम भरून आलं. या बाईंना आपण आजवर फक्त बाह्या उसवायला दिल्या! तिने डोळे खांद्याला पुसले आणि ओढत राहिली, वायरीचं काळं टोक हातात येईपर्यंत.

नेटवाल्याने हात चालवले. पाचला तीन मिनिटं कमी असताना नेटच्या पेटीवरचा दिवा हिरवा झाला.

ऑफिसातल्या बाईंचा फोन ठोक्याला आला. लाइन तपासून झाली. "वेग उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी नऊला काम सुरू करा. फक्त एक विचारायचं राहिलं. ही लाइन कधी बंद पडली, तर तुमच्याकडे काही सोय आहे?"

सुनेने भिंतीकडे पाहिलं. पाइपाच्या तोंडातून पांढरी नाडी लोंबत होती. टोक आत जाऊ नये म्हणून सासूबाईंनी त्याला ठसठशीत गाठ मारली होती. त्या पुन्हा मशीनवर बसून सुईत दोरा ओवत होत्या.

"आहे ना," सून म्हणाली. "आमच्या आईंनी नाडी सोडून ठेवलीय."