त्या पोरांच्या आयांसाठी

जोनाथन शनिवारी वसईहून लोणावळ्याला चर्चच्या रिट्रीटला म्हणून निघाला. तिथे प्रार्थनेत लक्ष राहावं म्हणून मोबाईल काढून घेतात, त्यामुळे त्याचा फोन लागत नव्हता तरी आग्नेसला काळजी नव्हती.

रविवारी टीव्हीवर पुण्याची बातमी आली. रॉक बँडच्या शोमध्ये चेंगराचेंगरी, सात मुलं गेली.

"हाच तो बँड! बरं झालं, मी पोराला जाऊ दिलं नाही," आग्नेस म्हणाली. तिने क्रुसासमोर मेणबत्ती लावली, हातात रोझरी घेतली आणि मुलीला हाक मारली. "टिफनी, ये, गुडघे टेक. त्या पोरांच्या आयांसाठी मागू या."

टिफनी जागची हलली नाही. भावाला त्या शोचं तिकीट तिनेच काढून दिलं होतं.

"ये गं," आग्नेस म्हणाली. "आपलं कुणी नसलं म्हणून काय झालं?"